गोधडीची शिकवण

गोधडी ही महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तू आहे. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. खाली-वर जुनी लुगडी आणि त्यांच्यामध्ये जीर्ण धोतरे, सदरे, चिंध्या, एवढेच तिचे साहित्य. जे कापड अंगावर घालण्याच्या योग्यतेचे उरले नाही, त्यातूनच घराला ऊब मिळावी, हे तिचे वैशिष्ट्य होय.

मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी सातवीच्या मुलामुलींनी हस्तव्यवसायाच्या तासाला गोधडी शिवावयास घेतली. गावातील एक वृद्ध बाई शिकवावयास येत. मुले त्यांना आजी म्हणत. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरून कापड आणले. कोणी झगमगीत साटीन आणले, कोणी कोरे चीट, तर कोणी गडद तांबडे कापड. एका मुलीने मात्र आपले कापड पिशवीतून बाहेरच काढले नाही. ते एक विटलेले लुगडे होते. इतरांच्या रंगीत तुकड्यांपुढे ते दाखवावयास तिला संकोच वाटत होता.

आजींनी ते बाहेर काढले व हाताने चाचपून पाहिले. मग त्या म्हणाल्या, “पोरी, यातलं खरं कापड हेच. आटायचं तेवढं आटलंय, रंग जायचा तेवढा गेलाय. हे आता दगा देणार नाही.”

त्या बोलण्यात अनुभवाचे शास्त्र होते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारच्या तुकड्याला ओढून सुरकुत्या पाडते. कच्चा रंग पाण्यात उतरतो व दुसऱ्या कापडांना लागतो. म्हणून आजींनी सारी कोरी कापडे आधी धुऊन वाळवावयास लावली. लुगडे मात्र तसेच अंथरून त्यावर बाकीचे थर रचले.

मग शिवण सुरू झाली. कडेपासून धावदोरा घालीत, फिरत फिरत मध्यापर्यंत जावयाचे होते. काही मुलांनी घाईने लांब टाके घातले. आजींनी ते उसवावयास लावले. टाके विरळ असले, तर धुताना आतील चिंध्या सरकून त्यांचे बोळे होतात, आणि जेथून त्या सरकल्या, तेथून थंडी शिरते. थरांमध्ये कोंडलेली हवा अंगाची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. गोधडीची ऊब ती हीच. हवेला थर धरून ठेवतात आणि थरांना टाके धरून ठेवतात.

तुकडे जोडण्याची हौस परदेशांतही आहे. अमेरिकेत १८८० नंतरच्या काही वर्षांत ‘क्रेझी क्विल्ट’ नावाच्या गोधडीची मोठी आवड निर्माण झाली. रेशमाचे व मखमलीचे वेडेवाकडे तुकडे एका साध्या कापडावर बसवून त्यांच्या जोडांवर भरतकाम करीत. ती पांघरण्यापेक्षा दिवाणखान्याच्या शोभेसाठीच अधिक असे. त्या काळी रेशीम वजनावर विकले जाई. म्हणून वजन वाढविण्यासाठी त्यात धातूंचे क्षार मुरवीत. असे रेशीम कालांतराने ठिसूळ होऊन फाटते. संग्रहालयांत जतन केलेल्या अशा कित्येक गोधड्यांवरील रेशीम विरून गेले आहे. खालचे साधे कापड मात्र त्यांना अजून धरून आहे.

शोभा ही त्याज्य नव्हे. रंगीत तुकड्यांनी गोधडी सुंदर दिसते, यात शंका नाही. पण ती टिकते, ती खालच्या कापडाच्या आणि न दिसणाऱ्या टाक्यांच्या बळावर. घरातही असेच असते. ज्यांच्या श्रमांवर घर उभे असते, त्यांची वस्त्रे पुष्कळदा विटलेली असतात. त्या वस्त्रांची लाज वाटू न देणे, ही गोधडीची पहिली शिकवण होय. आणि उसवलेला टाका न कंटाळता पुन्हा घालणे, ही दुसरी.

स्वाध्याय

१. मुलीला लुगडे दाखवावयास संकोच का वाटला?
२. आजींनी लांब टाके का उसवावयास लावले?
३. ‘क्रेझी क्विल्ट’ आणि गोधडी यांतील साम्य व फरक सांगा.
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्त्राची हकीकत घरच्यांना विचारून दहा ओळींत लिहा.