कुरकुर आधी सापडू द्या

पावसाळ्यात गप्प बसणारी आणि दिवाळीनंतर पुन्हा तोंड उघडणारी गाडीची कुरकुर बहुतेक वेळा रबराची असते. रबर ओलं असेपर्यंत मुकाट सरकतं. कोरडं पडून त्यात धूळ शिरली की लोखंडावर घासून ओरडतं. नाशिकमध्ये पाऊस सरला की धूळ उडायला लागते, त्यात आता सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्त्यांची कामं निघाली आहेत. जुन्या गाडीच्या रबरी बुशमध्ये ही धूळ जाऊन बसणारच. ही साधी गोष्ट मला वेळेवर कुणी सांगितली असती, तर माझ्या जुन्या सेडानचे दोन चांगले शॉकअप भंगारात गेले नसते.

गतिरोधकावरून हळू जाताना पुढून, डाव्या बाजूने आवाज यायचा. शहरातल्या एका गॅरेजने गाडी वर न घेताच सांगितलं, शॉकअप गेले. त्यांतून तेल गळत नव्हतं, बॉनेट दाबून सोडलं तर गाडी एका हेलकाव्यात स्थिर होत होती. म्हणजे शॉकअप ठणठणीत होते. तरी बदलले गेले. दिवस पावसाचे, त्यामुळे आवाज तसाही बंदच होता आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटलं. हवा कोरडी होताच तीच करकर परत आली. मग चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश बदलले. काही महिन्यांत ते नवे बुशच फाटले.

हे दुसरं काम कुठे बिघडलं ते प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यायला हवं. आर्मचा बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी, आणि मध्ये दोन्हींना घट्ट चिकटलेलं रबर. आतली नळी बोल्टने आवळून जागच्या जागी धरलेली असते. आर्म वरखाली होतो तेव्हा मधलं रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत असतानाच बोल्ट गच्च केला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत बसतं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते लावून घ्यायचे. चाकं टेकली, गाडीचं पूर्ण वजन त्यांवर आलं, गाडी चारदा दाबून बसवली, की मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. त्यासाठी रॅम्प किंवा खड्डा असलेलंच गॅरेज गाठा, आणि हे काम चालू असताना तिथे उभे राहा. आर्म बदलल्यावर अलाइनमेंटही करून घ्या.

आवाज शोधायला पाण्याची बाटली पुरते. एकाने बॉनेटचा कोपरा दाबत राहायचं, दुसऱ्याने खाली कान द्यायचा. फक्त उभ्या गाडीखाली शिरताना ती रॅम्पवर पक्की हवी, नुसत्या जॅकवर कधीच नको. लोखंडातून आवाज लांब पोचतो, त्यामुळे नुसत्या कानावर भरवसा ठेवू नये. एकेका बुशवर पाणी सोडायचं आणि थोडं थांबून ऐकायचं. ज्यावर पाणी पडताच कुरकुर थांबते, तो आपला चोर. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर काहीच कळत नाही.

माझ्या गाडीत चोर निघाला वळणावर गाडीचं झुकणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारचा डी आकाराचा बुश. दोन बोल्ट काढून त्याला धरणारी पट्टी बाजूला केली, तेव्हा बारवर बुशच्या रुंदीएवढा एक भाग आरशासारखा घासलेला होता आणि त्याच्या दोन्ही कडांना गंज व बारीक मातीचा तांबूस थर होता. बुशचं भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबट झालं होतं. बार घासून साफ केला आणि नवे बुश टाकले. शॉकअपच्या तुलनेत खर्च किरकोळच. बारला न चिकटवलेल्या अशा बुशना आतून सिलिकॉन ग्रीस लावलेलं चालतं.

वॉशिंग सेंटरवर गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल मारून देतात, ते मात्र ठामपणे नको म्हणा. आवाज आठवडाभर थांबतो खरा, पण खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, आणि ओलसर तेलावर आणखी धूळ चिकटते. हेच ब्रेकवर उडालं तर जिवाशी गाठ. बोलेरोसारख्या, मागे कमानपाटे असलेल्या गाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे पाट्यांमधला मातीचा थर तारेच्या ब्रशने काढून ग्राफाइट ग्रीस लावता येतं. त्या गाड्या आपल्याच नाशकात बनतात, त्यामुळे पाट्यांचं काम जाणणारे मेस्त्रीही इथे मिळतात.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना आवाज येत असेल, तर स्प्रिंगच्या बाहेरून नुसता तळवा टेकवून पाहा. वेटोळ्यांच्या मध्ये बोटं घालू नका. स्प्रिंग सरळ न फिरता झटका देऊन सुटत असेल, तर वरचं बेअरिंग गेलं. ते बदलताना स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

आणि जी कुरकुर भर पावसातही थांबत नाही, तिच्याकडे त्याच दिवशी बघा. बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटला की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गंज चढतो. चाक लोंबतं ठेवून आर्मच्या टोकाशी टॉमीने हलका जोर द्यायला सांगा. तिथे ढिलेपणा (प्ले) दिसला तर जॉइंट निखळून चाक आडवं पडू शकतं. अशा गाडीने कसारा उतरायचा नाही, सप्तशृंगी गडावर जायचं नाही. गॅरेजपर्यंतसुद्धा ती टो करूनच न्यायची.