झाकलेलं बी



आजचं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं. ज्ञान म्हणजे काय, हे अर्जुनाला सांगताना भगवंत माणसाच्या वागण्यातली एकेक खूण मोजून दाखवतात. त्यातल्या पहिल्या दोन खुणा म्हणजे अमानित्व आणि अदंभित्व. (हा श्लोक काही प्रतींत सातवा, काहींत आठवा आहे.) सोप्या भाषेत सांगायचं तर मान मिळावा अशी अपेक्षा नसणं आणि केलेल्या चांगल्या कामाचा गाजावाजा न करणं.

ज्ञानेश्वरीत माउलींनी अदंभित्वासाठी एकापाठोपाठ एक दृष्टांत दिलेत. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही. शेतकरी पेरलेलं बी मातीनं झाकून टाकतो. आपलं दानपुण्यही तसंच झाकावं, असं माउली म्हणतात.

मी अडकलो तो या शेतकऱ्यापाशी. उघडं राहिलेलं बी पाखरं टिपतात, नाहीतर ते उन्हात वाळतं. उगवायचं असेल तर त्याला मातीखाली जावंच लागतं. चांगल्या कामाचंही तसंच असावं. केल्या केल्या स्टेटसला टाकलं की लाइक येतात, आणि मनातल्या मनात हिशोब तिथेच मिटतो. पुढे उगवायला काही उरत नाही.

आपल्या विदर्भात हे जगून दाखवलेले दोन संत आहेत. २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. गाव कोणतं, आईवडील कोण, नाव काय, कोणालाच कळलं नाही. तोंडात सतत ‘गण गण’ असायचं, त्यावरून लोकांनीच नाव ठेवलं. ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली, तोवर तेच नाव चाललं आणि आजही तेच चालतं.

दुसरे गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घरचं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. हातात मातीचं गाडगं असायचं, म्हणून लोक ‘गाडगेबाबा’ म्हणू लागले. गावात पोचले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कोणी पाया पडू लागलं तर त्यांना ते मुळीच खपायचं नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभारल्या. ज्यानं स्वतःचं नाव मागे टाकलं, त्याच्या नावानं आज अमरावतीत विद्यापीठ आहे.

मागच्या वर्षी नागपूरहून शेगावला गेलो होतो. चपला ठेवतात तिथे एक वयस्क सेवेकरी होते. गर्दी खूप होती आणि माझं टोकन सापडत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "सावकाश पाहा माउली, घाई नाही." निघताना मी विचारलं, "काका, नाव काय तुमचं?" ते हसले आणि मागच्या माणसाचं टोकन घ्यायला वळले. तेव्हा मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर पोस्ट छान झाली असती. पण याच श्लोकानं मला दुसरीकडे पकडलं.

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा सहकाऱ्यांबद्दल निनावी फीडबॅक द्यायचा असतो. एका मित्राबद्दल मी लिहिलं, "याच्यामुळे टीम मागे पडते." खरी गोष्ट वेगळी होती. क्लायंटच्या कॉलवर त्यानं सगळ्यांसमोर माझी चूक दाखवली होती. चूक माझीच होती, तरी मला ते लागलं होतं. काही दिवसांनी त्याच्या रिव्ह्यूमध्ये ती ओळ त्याला वाचून दाखवली गेली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो मलाच म्हणाला, "कोणी लिहिलं असेल बे हे? नाव कळलं असतं तर निदान विचारलं असतं, नेमकं काय चुकून राहिलं माझं."

मी म्हणालो, "सोड ना यार, असेल कोणीतरी."

शेगावच्या काकांनीही नाव झाकलं आणि मीही झाकलं. वरून पाहिलं तर दोघंही निनावी. पण त्यांच्या मातीखाली बी होतं आणि माझ्या मातीखाली सुरुंग.

मग निनावी राहणं वाईट म्हणायचं का? तसं नाही. मतदान गुप्त असतं, आणि ते गुप्त राखण्याची जबाबदारी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं निवडणूक कर्मचाऱ्यांवर टाकली आहे. मजुराला मालकाची भीती न बाळगता बटण दाबता यावं, म्हणून हा आडोसा. याउलट निवडणूक रोख्यांमध्ये पक्षांना पैसे कोण देतंय, हे मतदाराला कळायची सोय नव्हती. ती योजना सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवून रद्द केली, कारण मतदाराचा माहितीचा हक्क त्यात मोडत होता. देणारा इथेही पडद्यामागेच होता, पण त्याला गुप्तदान कोण म्हणेल?

म्हणून मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवलाय: माझं नाव झाकल्यानं वाचतंय कोण? घेणाऱ्याची लाज वाचत असेल, दुबळ्याची नोकरी वाचत असेल, माझा अहंकार फुगायचा वाचत असेल, तर खुशाल झाकावं. दुसऱ्याला दुखावून मी फक्त जबाबदारीतून वाचत असेन, तर नाव सांगावं. साहेबाचा त्रास सांगणाऱ्या नव्या पोराला निनावी फॉर्म हवाच. मला तो नको होता. मी समोर बसून बोलू शकलो असतो.

गेल्या आठवड्यात त्याच टपरीवर मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. चहा संपवला, दोघांचे पैसे दिले आणि गेला. अजून आमचं बोलणं कामापुरतंच आहे. माफी मागितली की सगळं लगेच पूर्वीसारखं होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या टपरीपुढून जाताना आता मान खाली जात नाही.

आता वाटतं, शेगावच्या त्या काकांना माझा प्रश्न नीट ऐकू गेला होता.

आजच्या दिवसापुरता एवढाच अभ्यास करू या. एक चांगलं काम असं करायचं, जे घरीसुद्धा सांगायचं नाही. आणि नाव न घेता कोणाबद्दल काही वाईट लिहिलं किंवा पसरवलं असेल, तर त्याच्यासमोर जाऊन एकदा आपलं नाव सांगायचं. पहिलं त्या मानानं सोपं आहे. मला दुसऱ्याला चार महिने लागले.

राम कृष्ण हरी!