काकांचं दुकान आणि न्यूटनचा नियम

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घेतले आहेत. मराठी आकड्यांचं तर विचारूच नका! फर्स्ट इयरला मागच्या गेटसमोरच्या काकांनी "एकोणसत्तर झाले" म्हटल्यावर मी पन्नासची नोट पुढे केली आणि एक रुपया परत मिळायची वाट बघत उभी राहिले. काकांनी काही न बोलता एका कागदावर ६९ लिहून दाखवलं. तेव्हापासून ते माझा हिशेब लिहूनच दाखवतात.

तर हे काकांचं दुकान मे अखेर बंद होतंय. त्या जागी कॉफीची एक चेन येणार आहे. बातमी कळल्यावर मेसमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, "मॉल आले, ॲप आली, आता किराणा दुकान कसं चालणार?" मला वाटलं, आपण इंजिनिअर होणार आहोत, निदान गणित करून तरी बघू.

गणित आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. १९३१ साली विल्यम रायली या अमेरिकन माणसाने मांडलं की मधल्या गावातली गिऱ्हाइकं दोन शहरं कशी ओढतात, तर न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखी. शहर जेवढं मोठं तेवढी ओढ जास्त आणि अंतराच्या वर्गाने ती कमी. पुढे १९६०च्या दशकात डेव्हिड हफने तेच एकेका दुकानाला लावलं. दुकानाचं क्षेत्रफळ घ्यायचं, तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाच्या वर्गाने भागायचं. सगळ्या दुकानांचे असे आकडे काढून बेरीज करायची. आपल्या दुकानाचा आकडा भागिले बेरीज, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडे येण्याची शक्यता. (वर्गच का? हफच्या सूत्रात तो घातांक बदलता येतो. दुधासाठी कोणी लांब जात नाही, सोफ्यासाठी जातं. मी २ धरलाय.)

आकडे गोल करून घेते. समजा काकांचं दुकान ३०० चौरस फूट, हॉस्टेलपासून ३ मिनिटं. ३०० भागिले ९, म्हणजे ३३. मेन रोडचं सुपरमार्केट १२,००० चौरस फूट, १५ मिनिटं. १२,००० भागिले २२५, म्हणजे ५३. आता बघा, चाळीसपट मोठं दुकान, पण काकांचा वाटा तरीही ३८ टक्के! मला तर खरंच आनंद झाला. मग ॲपवाल्यांचं गोदाम घातलं. समजा ३,००० चौरस फूट, १० मिनिटं, म्हणजे ३०. काका २८ टक्क्यांवर आले. म्हणजे मार बसला, पण मेले नाहीत. ॲपमध्ये आपण जागचे हलतच नाही, तेव्हा वेळ शून्य धरावा असं रूममेट म्हणाली. धरून बघितला. कॅल्क्युलेटरने एरर दिला.

हेच सूत्र घेऊन मी पुण्याकडे बघायला लागले. विमाननगरचा फिनिक्स २०११ चा, वाकडचा २०२३ चा. वाकडचा तर दहा लाख चौरस फुटांहून मोठा. एवढ्या आकड्यापुढे तुळशीबागेतली दोन हात रुंदीची दुकानं कधीच संपायला हवी होती. पण हफच्या दृष्टीने अख्खी तुळशीबाग, लक्ष्मी रोड आणि मंडई मिळून एकच प्रचंड दुकान आहे. फक्त तिथे पोचायला वेळ लागायचा. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रोचा सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट टप्पा सुरू झाला आणि पिंपरीहून गाडी न बदलता मंडईत उतरता यायला लागलं. वेळ अर्धा झाला तर ओढ चौपट, हे सांगायला नकोच.

आणि नवीन-जुनं म्हणजे तरी काय? आज ज्या मंडईचे आपण हौसेने फोटो काढतो ती १८८६ साली नवीकोरी होती, गव्हर्नर रे यांच्या नावाची. त्याआधी भाजी शनिवारवाड्यापुढच्या मैदानात विकली जायची. नगरपालिकेत असताना महात्मा फुल्यांनी मंडईच्या खर्चाला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं होतं, पैसा शिक्षणावर लावा. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचंच नाव मिळालं! इराणी हॉटेलं बघा. डेक्कनचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझ गेलं. गुडलक मात्र १९३५ पासून आहे आणि रविवारी सकाळी तिथे जागा मिळत नाही. चितळ्यांनीसुद्धा दुपारची १ ते ४ ची प्रसिद्ध सुट्टी २०१७ मध्ये बंद केली. म्हणजे बदलायचं तिथे पुणंही बदलतं. (पुणेकरांनी रागावू नये, मी नाशिकची आहे.)

असो. माझे २८ टक्के घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी कागद नीट बघितला. चष्मा काढून पुसला, परत बघितला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक कमी झालं म्हणून बंद करतोय असं तुला कोणी सांगितलं?"

मी गप्प.

"गिऱ्हाईक आहे की. जागा नाही राहिली."

काकांचं दुकान लीव्ह अँड लायसन्सवर, करार ११ महिन्यांचा. दर वर्षी नवा कागद. पेठांमधली जुनी दुकानं पागडीची, त्यांना १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. लक्ष्मी रोडवर पन्नास वर्षं जुनी पाटी दिसते ती नुसत्या चवीवर किंवा सचोटीवर टिकलेली नसते, तिच्यामागे जुनं भाडंही असतं. लायसन्सवाल्याला हे संरक्षण नाही. मुदत संपली की चावी द्यायची. बिस्किटाच्या पुड्यामागे सुटतं किती आणि कॉफीच्या कपामागे किती, याचा विचार करा. कॉफीवाला तेवढ्याच जागेचं कितीतरी जास्त भाडं देऊ शकतो. जागामालकानेही मुलीच्या लग्नाचं कर्ज काढलंय, काका स्वतःच सांगत होते. त्यांना मालकाचा रागही नव्हता. मलाच आला होता, पण नक्की कोणावर ते ठरेना, कारण ती कॉफी मीसुद्धा पिणार आहे. सबमिशनच्या रात्री बसायला जागा लागतेच ना.

म्हणजे मी गणित केलं गिऱ्हाइकाचं आणि प्रश्न निघाला जागेचा. हफच्या सूत्रात भाडं कुठेच नाही. उधारीही नाही. मागच्या वर्षी घरून पैसे यायला उशीर झाला तेव्हा जवळजवळ महिनाभर माझं सगळं सामान वहीवर चाललं होतं. दहा मिनिटांत येणाऱ्या मुलाला मी "पुढच्या महिन्यात देते" म्हणू शकत नाही, तो बिचारा स्वतःच घाईत असतो. वॉचमनकाका आणि मेसच्या मावशींची खाती तर आपण ॲडमिशन घेतली त्याच्या आधीपासूनची आहेत.

काकांनी दोन गल्ल्या आत एका पार्किंगमधला गाळा बघितलाय. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर हिशेब केला. क्षेत्रफळ तेवढंच, वेळ ३ ऐवजी ९ मिनिटं. ३०० भागिले ८१. उत्तर आलं चार टक्के. परत करून बघितलं. चारच.

"किती आलं?" काकांनी विचारलं.

मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरली, ते मला दाखवतात तशी.

"अगं, हे तू माझ्याकडे येण्याचं काढलंस," ते म्हणाले. "मी सायकलवर तुमच्या गेटला येईन की. सकाळी दूध, संध्याकाळी काय लागेल ते. तू फक्त नऊ मिनिटं चालायची ती खोड."

त्यांची सायकल म्हणजे मागे क्रेट बांधलेली जुनी ॲटलास आहे आणि काका एकसष्ट वर्षांचे आहेत. (हा आकडा मी विचारून खात्री करून घेतलाय.) सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सहाला मागच्या गेटला थांबायची परवानगी रेक्टर मॅडमनी तोंडी दिली आहे. लेखी अर्ज मराठीत करायचाय, कोणी चांगलं मराठी लिहिणारं असेल तर रूम नंबर २१४ मध्ये यावं.

आणि उधारीची वही २५ मे पर्यंत दुकानातच असेल. कोणाच्या नावावर किती आहे ते मी बघितलेलं नाही, पण वही चांगलीच जाड आहे. माझे एकशे चाळीस होते. ते मी दिले.