‘हे ओहिपमध्ये बसतं का?’

बाळा, मिसिसागात घर लागलं ना, मग आधी ओहिपचं, म्हणजे ऑन्टॅरिओच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड काढ. 2020 पासून ऑन्टॅरिओत त्यासाठी तीन महिने थांबावं लागत नाही. व्हँकुव्हरला उतरणाऱ्या तुझ्या मित्राला मात्र थांबावं लागेल. तेवढ्या दिवसांचा विमा त्याला घ्यायला सांग.

डॉक्टर आणि हॉस्पिटलचं बिल प्रांत भरतो. 1984च्या कॅनडा हेल्थ ॲक्टमुळे त्यावर जास्तीचे पैसे घेता येत नाहीत. पण आजारपणाचं सर्टिफिकेट, विम्याचा फॉर्म, चुकवलेली अपॉइंटमेंट यांचे पैसे दवाखाना लावू शकतो. दरपत्रक आधीच माग. ‘ब्लॉक फी’ म्हणून वर्षाची रक्कम पुढे केली, तर ती ऐच्छिक असते हे लक्षात ठेव.

फॅमिली डॉक्टरकडे रोस्टरच्या, म्हणजे पेशंट-नोंदणीच्या, कागदावर सही करताना नीट वाच. बऱ्याच डॉक्टरांना दर भेटीचे नव्हे, मुख्यतः नोंदलेल्या पेशंटमागे ठरावीक पैसे मिळतात. सही करताना आपण आधी त्यांच्याकडेच जायचं कबूल करतो, म्हणून साध्या सर्दीसाठी कोपऱ्यावरच्या वॉक-इन क्लिनिकला पळू नकोस. आपल्या डॉक्टरांचा संध्याकाळचा दवाखाना कधी असतो ते विचारून ठेव. इमर्जन्सीत मात्र हा हिशेब करत बसायचा नाही. ॲम्ब्युलन्सचे 45 डॉलर लागतात, लागू देत. छातीत दुखत असताना टॅक्सी शोधायची नाही.

दात, चष्मा, औषधं यांचा भार तुझ्या वयाला बहुधा नोकरीतल्या विम्यावरच. त्यात वर्षाला किती मिळतं ते पाहून मगच दातांच्या डॉक्टरकडे जा. रोजची गोळी असेल तर तीन महिन्यांची एकदम लिहून घे. औषध देण्याची फी दर खेपेला पडते आणि ती दुकानागणिक वेगळी असते.

आई-बाबांना लांबच्या भेटीसाठी सुपर व्हिसावर आणशील तेव्हा किमान एक लाख डॉलरचा विमा लागेल. त्यांचं बीपी, शुगर लपवू नकोस. नुकता गोळीचा डोस बदलला असेल तर ‘स्थिर’ आजाराची अट वाचून घे. क्लेम तिथेच अडतो.

खिशातून गेलेल्या प्रत्येक डॉलरची पावती टॅक्ससाठी जपून ठेव. आणि कुठल्याही काउंटरवर, कार्ड काढण्याआधी, न लाजता विचार: हे ओहिपमध्ये बसतं का, नसेल तर किती?