गॅस संपत नाही, गळतो

घोरावाडी, ता. मावळ

चि. अक्षय,

लोणावळ्याच्या बंगल्यांवर एसीची कामं जोरात चालली आहेत, असं ताईकडून कळलं. हात चालतोय याचा आनंद आहे. पण तिच्या बोलण्यात ‘आज इतक्या ठिकाणी गॅस भरला’ एवढंच येत राहिलं, म्हणून लिहितोय. फोनवर तू ‘हो मामा’ म्हणतोस आणि विसरतोस.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद पाइपांत तो वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळालाय. दर एप्रिलला त्याच गिऱ्हाइकाकडे ‘गॅस कमी झालाय’ म्हणणारा मेकॅनिक एकाच गळतीचे पैसे पुन्हा पुन्हा घेतो. पावती दिली तरी मी त्याला चोरीच म्हणतो.

मुळात गॅस कमी आहे का, हे आधी बघ. महिनोन्‌महिने बंद असलेल्या बंगल्यात फिल्टर चोंदतो, ब्लोअरला बुरशी धरते आणि गॅस कमी असल्यावर चढतो तसाच बर्फ पाइपवर चढतो. धुऊन पाहिल्याशिवाय गेज लावू नकोस. इन्व्हर्टर मशीन कॉम्प्रेसरचा वेग स्वतःच कमी-जास्त करतं, तेव्हा नुसत्या ॲम्पिअरवर निकाल देऊ नकोस.

गळती शोधायची तर उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घे आणि कोरडा नायट्रोजन भर, तोही रेग्युलेटर लावूनच. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. तो थेट कॉइलवर सोडलास तर कॉइल फाटेल. दाब टप्प्याटप्प्यानं चढव आणि कंपनीनं दिलेल्या आकड्यापुढे जाऊ नकोस. ऑक्सिजन चुकूनही नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो, आणि वेल्डिंगवाल्याचा सिलिंडर शेजारीच उभा असतो, म्हणून बजावतोय. मग साबणाचं पाणी घेऊन आधी फ्लेअर नट बघ, मग सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, मग कॉइलचे वळसे. तेलाचा डाग दिसला तर तिथंच थांबून नीट बघ. दुपारच्या उन्हात तीनशे पीएसआयवर ठेवलेला दाब संध्याकाळी हवा दहा अंशांनी उतरली की दहाएक पीएसआयनं आपोआप खाली येतो. ती गळती नव्हे. तापमान लिहून ठेवलंस तर उगाच नट आवळत बसणार नाहीस.

आता पर्ज करण्याबद्दल. नवं मशीन बसवताना आउटडोअरचा व्हॉल्व्ह जरासा उघडायचा, जाड पाइपचा नट सैल करायचा आणि मशीनमधल्याच गॅसनं हवा ढकलून द्यायची, ही रीत जुन्या आर-२२ गॅसच्या काळात सर्रास होती. ती आता सोड. त्यानं पाइपच्या भिंतीला धरलेला ओलावा निघत नाही. शिवाय हल्लीचा आर-३२ हळू का होईना पेट घेतो, आणि गोदरेजनं २०१२ मध्ये आणलेल्या एसीतला आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन. तो हवेपेक्षा जड, बंद खोलीत जमिनीलगत साचतो. गळती शोधायला ज्योत पेटवण्याची जुनी सवयही त्याच कारणासाठी बंद.

ओलाव्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात मोठा. जुलैत लोणावळ्यात पाइप तासभर उघडा राहिला तरी आत पाणी धरतो. आर-३२ आणि आर-४१०ए मशीनमधलं तेल ओलावा फार लवकर शोषतं, मग आम्ल तयार होतं आणि वाइंडिंग जळतं. यावर व्हॅक्यूमशिवाय उपाय नाही. पंचवीस अंशांना पाण्याला उकळायला दाब चोवीस मिलिमीटर पाऱ्याच्या खाली आणावा लागतो. आपण अर्ध्या मिलिमीटरवर, म्हणजे पाचशे मायक्रॉनवर जातो, तेव्हा कुठे पाइप कोरडा होतो.

इथे मावळातली एक गंमत. मुंबईहून शिकून आलेला मुलगा गेजवर तीस इंच यायची वाट बघत बसतो. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर आहोत. इथे हवेचाच दाब अठ्ठावीस इंचांच्या आसपास. काटा त्याच्या पुढे जाणारच नाही, पंप कितीही चालव. आणि अठ्ठावीस दिसले म्हणून पाणी गेलं, असंही नाही. म्हणून मायक्रॉन गेज लागतो. पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघ. आकडा थोडा वाढून थांबला तर आत ओलावा आहे. थोडा नायट्रोजन सोडून पुन्हा व्हॅक्यूम मार. वाढतच राहिला तर गळती आहे. पंपातलं तेल दुधासारखं पांढरं झालं की बदल.

यापुढे गॅस भरणं फारसं उरत नाही. नेमप्लेटवरचं वजन बघायचं, पाइप लांब असेल तर पुस्तिकेप्रमाणे मीटरमागे ग्रॅम वाढवायचे, सिलिंडर काट्यावर ठेवायचा. आर-४१०ए मिश्रण आहे, तो द्रवरूपातच, जपून सोड. जुन्या गॅसवर अंदाजानं टॉप-अप केलंस तर वजनाला अर्थच राहत नाही.

मशीन काढताना पंप डाऊन करशील, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेशील, तेव्हा कॉम्प्रेसर बंद झाल्याशिवाय पाइप सैल करू नकोस. आत हवा ओढली गेली तर तेलासकट दाबली जाऊन कॉम्प्रेसर फुटतो. यात माणसं गेली आहेत.

एवढं सगळं करायला अर्धा दिवस जातो आणि मालक पाच कॉल मागतो, हे मला ठाऊक आहे. त्याला सांग, गळती काढण्याचा आणि व्हॅक्यूमचा दर बिलात वेगळा लावू. बंगलेवाले देतात, त्यांना दरवर्षी फोन करायचा कंटाळा असतो. ऐकलं नाही तर दुसरं दुकान बघ. तळेगावच्या फुलांच्या कोल्ड स्टोरेजना नीट काम करणारा माणूस हवाच असतो; फेब्रुवारीत गुलाब परदेशी जायच्या वेळी गॅस गळलेला त्यांना परवडत नाही.

रविवारी लोकलनं घोरावाडीला उतर. माझा मायक्रॉन गेज घेऊन जा, आणि येताना तुझे फ्लेअर केलेले चार तुकडे दाखवायला आण.

तुझा,
मामा