वाळवंटातील शहर : दुबई

कोकणातील कितीतरी घरांतून कुणाचे अब्बा, कुणाचे चाचा, तर कुणाचे भाईजान नोकरीसाठी दुबईला गेले आहेत. त्यांचे फोन येतात, पैसे येतात. पण तेथे गेल्यावर त्यांना काय काय नव्याने शिकावे लागते?

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दुबईत ही सरासरी १०० मिलिमीटरही नाही. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शहर समुद्रकाठी असल्याने हवाही दमट असते. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

अशा उन्हात काम करण्याची सवय शरीराला लागायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नव्या कामगाराला पहिल्या काही दिवसांतच जास्त धोका असतो. त्याने सुरुवातीला थोडे काम करावे व ते हळूहळू वाढवावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. चक्कर आली तर संकोच न करता सोबत्याला सांगावे आणि सावलीत जावे. तेथील कायद्यानुसार १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हातील काम बंद ठेवावे लागते.

वीज नव्हती तेव्हाही तेथे लोक राहतच होते. ते घरांवर उंच मनोरे बांधत. वारा कोणत्याही दिशेने आला, तरी मनोरा तो खाली खोलीत आणी. अल फहिदी या जुन्या वस्तीत असे मनोरे आजही दिसतात. पिण्याचे पाणी मात्र आता समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतात.

शरीर लवकर रुळते. मन रुळायला वेळ लागतो. बाजारात उर्दू समजणारे भेटतात, तेवढाच धीर येतो. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. काम आटोपून रात्री साडेनऊला घरी फोन करावा, तर येथे अकरा वाजलेले असतात आणि मुले झोपलेली असतात.

फोनवर ते नेहमी “मी बरा आहे” एवढेच म्हणतात. पुढच्या वेळी त्यांना विचारा, “आज पाणी किती प्यायलात? दुपारी सावलीत होतात ना?”

स्वाध्याय
१. नव्या कामगाराला पहिल्या दिवसांत जास्त धोका का असतो?
२. घरांवरील मनोऱ्यांचा उपयोग काय होता?
३. ‘मन रुळणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.