रविवार सोडून उरलेला आठवडा

चि. छकुलीस,



तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोन करणार होते, पण हे घाईघाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले. तू लिहितेस की मुंबईला गेल्यापासून सुटी असेल त्या रविवारी जवळच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जातेस, मागच्या बाकावर बसतेस, आशीर्वाद झाला की निघतेस. पाळकसाहेब दारात हात मिळवून नाव विचारतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारतात. "आत्या, इथे सहभागिताच नाही. त्यापेक्षा हॉस्टेलच्या खोलीत बसून मोबाइलवर उपासना ऐकलेली बरी, गाणीही तिथं चांगली असतात."

तुझा एकटेपणा मला समजतो. नर्सिंगची पहिली नोकरी, परकं शहर, रात्रपाळ्या. पण तुझं निदान मला पटत नाही. तू सहभागिता रविवारी शोधते आहेस आणि ती रविवारी कुठल्याच मंडळीत सापडत नाही. रविवारी दिसते ती आठवडाभर झालेल्या कामाची फक्त बेरीज. ज्याने आठवड्यात काही मांडलंच नाही, त्याच्या हाती ती बेरीज कशी लागणार?

आपण मेथडिस्ट म्हणवतो, तर ही मंडळी उभी कशी राहिली ते तुला नीट ठाऊक हवं. आपल्या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली म्हटलं की आपल्या मुलांना 24 मे 1738 ची ऑल्डर्सगेटची, त्यांच्या मनपरिवर्तनाची संध्याकाळ तेवढी आठवते, कारण शब्बाथशाळेत तीच पाठ करून घेतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 1742 ची ब्रिस्टलमधली बैठक. तिथं त्यांनी प्रार्थनेसाठी घर बांधलं होतं आणि त्याचं कर्ज डोक्यावर होतं. ते कसं फेडायचं यावर खल चालला होता. फॉय नावाचे एक कप्तान म्हणाले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. ते देऊ शकले तर ठीक, नाही तर त्यांचे मी भरीन.

अशी बारा-बारा जणांची वाटणी झाली आणि पुढारी घरोघर जाऊ लागले. गेले पेनी गोळा करायला आणि दिसलं भलतंच. एका घरात नवरा दारूत बुडालेला, दुसऱ्या घरात भांडणं पेटलेली. रविवारी नीटनेटके कपडे करून बसणाऱ्या माणसांच्या घरात काय चाललंय ते पहिल्यांदा कळलं. वेस्लींनी ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे घरोघर फिरणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्या बारांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात झाली. हीच आपली क्लास मीटिंग. तुझा आत्मा कसा आहे, हे तिथं प्रत्येकाला विचारलं जाई आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागे. मागच्या बाकाची सोयच नव्हती. वेस्लींचे उपदेश मोठे खरेच, पण नुसत्या उपदेशांवर मंडळी टिकली नसती. ती या बारा-बारांच्या बैठकांवर टिकली, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईतही सुरुवात अशीच झाली. मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आले. त्यांच्या सभांमधून विश्वास धरलेल्या लोकांच्या लहान लहान संगती त्यांनी लोकांच्या घरांतूनच बांधल्या. इमारती मागून आल्या. ती माणसं बहुतेक इंग्रजी बोलणारी होती, मराठी काम त्यानंतरचं. जॉर्ज बोवेन हे मिशनरी तर 1848 पासूनच मुंबईत होते, पगार नाकारून अगदी साधेपणाने राहत होते. तेही पुढे टेलर यांच्या कामाला येऊन मिळाले. बोवेन यांच्या नावाचं चर्च कुलाब्याच्या बाजूला आहे. कधी त्या भागात गेलीस तर आत जाऊन ये.

आता आपल्याकडची गोष्ट सांगते. आपल्या मंडळीत बुधवारी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरसभा असते, ती आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी. एक मावशी होत्या, एकट्याच राहायच्या, शिवणकामावर पोट. त्यांची पाळी आली की त्या दर वेळी म्हणायच्या, माझी खोली लहान आहे, पुढच्या घरी घ्या. शेवटी आमचे पुढारी म्हणाले, आम्ही उभे राहू, पण येणारच. गेलो. पत्र्याची खोली. खाट उचलून भिंतीला उभी केली, शेजारणीने सतरंजी दिली. जेवढे मावले तेवढे आत बसले, बाकीचे पायरीवर. कप पुरेनात म्हणून चहा दोन फेऱ्यांत झाला. गीत झालं, आणि वचन कोण वाचणार म्हणून बायबल त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, पान उघडलं आणि गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला अक्षर दिसत नाही हो. शिवण बंद होऊन किती महिने झाले." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला! दर रविवारी त्या आमच्याच पुढच्या बाकावर 'उपासना संगीत' उघडं धरून गात होत्या. गीतं सगळी पाठ, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सुईदोरा कधीच हातातून गेला होता आणि घर कसं चाललं होतं ते देवाला ठाऊक. पुढच्याच आठवड्यात दोघीजणी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. डबा कुणी कधी द्यायचा ते महिला समितीने वाटून घेतलं.

त्या मावशींना रविवारी कुणी टाळत नव्हतं. सगळे हात जोडत होते, "जय ख्रिस्त, मावशी" म्हणत होते. पण दीड तासाच्या उपासनेत माणसाचा मोतीबिंदू दिसत नाही. त्यासाठी त्याच्या घरी जावं लागतं आणि आपल्या घरी त्याला येऊ द्यावं लागतं. मोबाइलवरच्या उपासनेबद्दल माझं म्हणणं इतकंच आहे. संदेश तिथं उत्तम असेल, गाणाऱ्यांचा सूरही पक्का असेल. पण तू चार दिवस तापाने पडलीस तर त्यांना कळणार नाही.

म्हणून पुढच्या रविवारी निघून जाऊ नकोस. पाळकसाहेबांकडे किंवा मंडळीच्या सेक्रेटरींकडे जाऊन सरळ विचार, "घरसभा कोणत्या वारी असते आणि माझ्या हॉस्टेलच्या जवळ कुणाचं घर आहे?" लाजू नकोस. मोठ्या शहरातल्या मंडळीत माणसं येतात-जातात, बदल्या होतात. कोण टिकणार आणि कोण पाहुणा, हे त्यांनाही समजत नाही. तू विचारलंस की समजेल.

ड्यूटीचं कारण मी ऐकणार नाही. रविवारी पाळी लागली तर त्या आठवड्यात घरसभा हीच तुझी उपासना. वेस्ली पहाटे पाच वाजता उपदेश करीत, कारण मजुरांना कामावर जाण्याआधी तेवढीच वेळ मोकळी असे. माणसांच्या कामाच्या वेळा पाहून उपासनेच्या वेळा ठरवणारी ही परंपरा आहे. घरसभेचा वार जमत नसेल तर डब्ल्यू.एस.सी.एस.च्या, म्हणजे महिला संघाच्या बायका कधी जमतात ते विचार, एम.वाय.एफ.ची, म्हणजे तरुण संघाची मुलं शनिवारी बसतात का ते पाहा. सगळीकडे जायची गरज नाही. एक वार धर आणि तो सोडू नकोस.

दुसरं, एखादं काम मागून घे. व्यासपीठावरचं नको. तुझा आवाज चांगला आहे म्हणून ते तुला गायनात ओढतील, तेही कर, पण आधी एखादं मागचं काम घे. मला विचारशील तर प्रभुभोजनाच्या तयारीचं. तू लहानपणी माझ्याबरोबर यायचीस, पण तेव्हा तुझं लक्ष मनुका खाण्यावर. आता नीट लिहून देते. काळ्या मनुका स्वच्छ धुऊन शुक्रवारी रात्री भिजत घालायच्या, शनिवारी त्याच पाण्यात मऊ होईपर्यंत उकळायच्या, गार झाल्या की कुस्करून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. पावाच्या कडा काढून सारख्या आकाराचे तुकडे करायचे. छोटे पेले गरम पाण्यात धुऊन, पुसून ताटात मांडायचे आणि पाऊणच भरायचे. कठड्याशी गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, भरलेला पेला सांडला की त्यांना फार लागतं. आपल्याकडे दारू चालत नाही, म्हणून हा खटाटोप. अमेरिकेत टॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये न आंबणारा द्राक्षरस केला, तोही प्रभुभोजनासाठीच. कदाचित तुझ्या चर्चमध्ये आता बाटलीतला रस आणत असतील, तरी पेले कुणीतरी धुतंच. त्या मोरीजवळ उभं राहून दोन बायकांशी जे बोलणं होतं ते बाकावर वर्षभर बसून होत नाही. शिवाय कुणाला गुडघे टेकता येत नाहीत, कुणाला पेला बसल्या जागी न्यावा लागतो, हे सगळं कळतं. ज्याला ते कळलं, तो त्या मंडळीत नवखा राहत नाही.

आता एक कडक गोष्ट. घरसभेत लोक प्रार्थनाविनंत्या सांगतात. मुलगा व्यसनी झाला, सुनेचं माहेरी जाणं वाढलंय, कर्ज झालंय. या विनंत्या सभेबाहेर न्यायच्या नाहीत. आपल्या माणसांची ही फार जुनी खोड आहे. "प्रार्थना करा हं, म्हणून सांगते" म्हणत एकीचं दुःख चार घरांत पोचतं. एका मंडळीत अशा बोलण्यामुळे एक अख्खं कुटुंब चर्चमधून उठून गेलेलं मी पाहिलं आहे आणि ते पुन्हा परतलं नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलं आहे. पण ज्याच्याजवळ कबूल करायचं त्याचं तोंड बंद राहत नसेल तर कोण बोलेल? तू नर्स आहेस. पेशंटचं गुपित जसं राखतेस तसंच हे राख, अगदी माझ्याजवळसुद्धा बोलू नकोस.

भांडणंही दिसतील, ती पाहून हबकू नकोस. कमिटीच्या निवडणुका येतील, दोन गट पडतील, हिशेबावरून आवाज चढतील. कुणी दारातच विचारील, "गाव कोणतं? तुम्ही मूळच्या कुठल्या मिशनच्या?" आणि उत्तरावरून तुझी जागा ठरवू पाहील. गाव सांग, मिशन सांग, पण कुठल्याच गटाच्या चहाला एकटी बसू नकोस. हिशेब विचारणं चूक नाही, ते सभासदाचं कामच आहे. ते सभेत, उभं राहून, नाव घेऊन विचारावं. पायऱ्यांवर कुजबुजू नये. आणि पाळकांच्या भोवती मन गुंतवू नकोस. आपल्या पद्धतीत नेमणुका बिशप करतात, काही वर्षांनी कॉन्फरन्समध्ये बदली जाहीर होते आणि साहेब सामान बांधतात. ज्या मंडळीचा सगळा जीव एका पाळकात असतो ती त्या दिवशी कोलमडते. जिथं घराघरांत पुढारी तयार असतात तिथं नव्या साहेबांना फक्त पत्ते सांगावे लागतात.

दान देत जा, ठरवून. पगार झाला की आधी तो लिफाफा बाजूला काढ. थोडं असलं तरी दर आठवड्याला असू दे. त्या एका पेनीचं महत्त्व तुला वर सांगितलंच आहे.

आणि मंडळी म्हणजे फक्त आपलीच माणसं, असं होऊ देऊ नकोस. ऑक्सफर्डमध्ये असताना वेस्ली आणि त्यांचे मित्र तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात, तेव्हा मेथडिस्ट हे नुसतं चिडवायचं नाव होतं. तुझ्या वॉर्डात ज्यांना भेटायला कुणीच येत नाही असे पेशंट असतील. घरसभेतल्या निवृत्त मावशींना सांग. पुष्कळ जणींना वेळ असतो आणि कुणी बोलावलं तर त्या आनंदाने येतात. आधी सिस्टरची परवानगी घे आणि पेशंटलाही विचार. तिथं प्रचार करायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं, नखं कापून द्यायची, घरी फोन लावून द्यायचा. डिसेंबरात मंडळीतल्या बायका करंज्या-शंकरपाळ्यांना एकत्र बसतील, तेव्हा एक डबा हॉस्टेलच्या वॉचमनला आणि एक दिवाळीत तुला फराळ देणाऱ्या मैत्रिणीला जाऊ दे.

तुझं सभासदत्वाचं पत्र पाळकसाहेबांकडून घेऊन ठेवलं आहे. ते इथल्या वहीत नाव ठेवायला तयार होते, मीच नको म्हटलं. जिथं राहतेस तिथल्या वहीत नाव हवं, म्हणजे तिथले लोक तुला जाब विचारू शकतील. पत्र आणि तुझं जुनं 'उपासना संगीत' उद्या कुरिअरने पाठवते. पुस्तकाची पाठ सुटली होती, ती बाइंडरकडून शिवून घेतली आहे. पत्र मिळालं की या महिन्यातच पाळकसाहेबांकडे दे आणि घरसभेचा वार कोणता ठरला ते मला कळव. त्या वारी मी तुला फोन करणार नाही.

तुझी,
आत्या